चेक राष्ट्र आणि त्याचा वाद्यवृंद

आकाशवाणीची ओळखधून हिंदुस्थानातील कितीतरी पिढ्यांच्या कानांत बसलेली आहे. तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनने उचललेली ती आळवणी ऐकताच घराघरांत दिवस उजाडला असे वाटे. ही धून सामान्यतः ज्याच्या नावावर दाखविली जाते, तो वॉल्टर कॉफमन १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड या गावी जन्मला आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठात शिकला. हिटलरी अंमलाच्या झळेमुळे १९३४ मध्ये तो मुंबईस आला. त्याच वर्षी त्याने तेथे पाश्चात्य संगीताची एक मंडळी स्थापन केली आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. तो ज्या भूमीतून आला, तिच्यात संगीत आणि देशाचे भवितव्य यांचा संबंध इतका निकटचा आहे, की तेथील एका वाद्यवृंदाचा इतिहास हा बहुतांशी त्या देशाचाच इतिहास होऊन बसला आहे. हा वाद्यवृंद म्हणजे प्रागची 'चेक फिलहार्मोनिक'.

आपल्याकडील गायकास एक तंबोरा, एक तबलजी आणि एक सारंगिया किंवा पेटीवाला एवढी साथ पुरते. वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या सभामंडपात त्याची बैठक रंगू शकते. युरोपातील सिंफनी वाद्यवृंदाचे तसे नाही. त्यास ऐंशी ते शंभर वादक लागतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक तंतुवाद्यांचे, बाकीचे बासऱ्या, सनईच्या जातीची वाद्ये, पितळी शिंगे आणि नगारे यांचे. या सर्वांना एका संचालकाच्या छडीखाली रोज तालीम करावी लागते, आणि त्यांच्या वादनासाठी खास बांधलेले सभागृह असावे लागते. एवढा संसार चालविण्यास पैसा फार लागतो, आणि नुसत्या तिकिटांच्या उत्पन्नावर तो क्वचितच निभावतो. म्हणून प्रत्येक वाद्यवृंदास कोणी तरी पोशिंदा हवा असतो. कधी राजा, कधी धनिक, कधी नगरपालिका, तर कधी सरकार. यातूनच एक प्रश्न उद्भवतो. जो पोसतो त्याचाच वाद्यवृंद व्हावयाचा, की ज्या लोकांसाठी तो वाजवितो त्यांचा? चेक फिलहार्मोनिकला हा प्रश्न शंभर वर्षांत अनेकदा सोडवावा लागला, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागली.

१६२० मध्ये प्रागजवळील पांढऱ्या टेकडीच्या लढाईत चेक सरदारांचा पराभव झाला, आणि त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे तो देश हॅब्सबर्ग घराण्याच्या सत्तेखाली राहिला. कचेऱ्या, न्यायालये आणि वरच्या शाळा यांत जर्मन भाषेचे वर्चस्व प्रस्थापित झाले. चेक भाषा खेड्यांत आणि स्वयंपाकघरांत उरली. परंतु त्या खेड्यांत एक व्यवस्था टिकून होती. गावच्या पंतोजीने मुलांना अक्षरओळख आणि गणित यांबरोबर गायन-वादनही शिकवावे, रविवारी प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवावा आणि गावातील वादकांचा ताफा सांभाळावा, अशी तेथील रीत होती. १७७२ साली त्या प्रांतातून प्रवास केलेल्या चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीतपंडितास खेड्यातील शाळांत लहान लहान मुले वाद्ये वाजविताना पाहून मोठे आश्चर्य वाटले. अल्प वेतनावर राबणाऱ्या या शिक्षकांनी जी पेरणी केली, तिचे पीक पुढे साऱ्या युरोपने खाल्ले. १८११ मध्ये प्रागचे संगीतविद्यालय सुरू झाल्यावर या ग्रामीण शिक्षणास वरचा मजला मिळाला. पुढे राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला तो असा पाया आधी घातला गेला होता म्हणून.

एकोणिसाव्या शतकात चेक लोकांत जागृती झाली. स्वतःचे राज्य नव्हते, तेव्हा निदान स्वतःचे नाट्यगृह असावे असे त्यांनी ठरविले. १८६८ मध्ये कोनशिला बसली, आणि खेड्यापाड्यांतून वर्गणी जमा होऊ लागली. १८८१ च्या जूनमध्ये उघडलेले हे नाट्यगृह त्याच वर्षीच्या १२ ऑगस्ट रोजी आगीत जळाले. लोक खचले नाहीत. अवघ्या ४७ दिवसांत दहा लक्ष गुल्डन इतका निधी पुन्हा जमला, आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी नाट्यगृहाचे दार दुसऱ्यांदा उघडले. रंगमंचाच्या माथ्यावर 'राष्ट्राने स्वतःस' अशा अर्थाचे दोन शब्द कोरलेले आहेत. त्या रात्री झालेली 'लिबुशे' ही संगीतिका बेडरझिख स्मेटाना याची होती.

स्मेटानाचे चरित्र या कथेत महत्त्वाचे आहे. १८२४ साली जन्मलेल्या या चेक संगीतकाराचे शिक्षण जर्मन भाषेत झाले होते. स्वभाषेत शुद्ध लिहिणे तो मोठेपणी शिकला. १८७४ च्या शरदऋतूत त्याची श्रवणशक्ती पूर्णपणे नष्ट झाली. परंतु त्याच सुमारास त्याने 'मा व्लास्ट', म्हणजे 'माझा देश', ही सहा खंडांची रचना हाती घेतली आणि १८७९ पर्यंत ती पुरी केली. तिच्यात प्रागजवळील विशेह्राडचा पुरातन गड आहे, दोन झऱ्यांपासून वाढत जाऊन राजधानीच्या पुलांखालून वाहणारी व्ल्टावा नदी आहे, रानेशेते आहेत, जुन्या धर्मवीरांचे टाबोर नगर आहे आणि शेवटी ब्लानिक पर्वत आहे. या पर्वताच्या पोटात शूर वीर निद्रिस्त असून देशावर निर्वाणीचा प्रसंग येईल तेव्हा ते बाहेर पडतील, अशी चेक लोकांची दंतकथा आहे. ५ नोव्हेंबर १८८२ रोजी हे सहाही खंड प्रागमध्ये प्रथम एकत्र वाजविले गेले. कर्त्याला त्यातील एक स्वरही ऐकू येत नव्हता.

रचना तयार होती, परंतु ती वाजविण्यास राष्ट्राचा असा स्वतंत्र वाद्यवृंद अद्याप नव्हता. १८९४ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाच्या वादकांनी एक संघ स्थापिला. प्रागमध्ये संगीतकलेची उन्नती करणे आणि वृद्ध वादकांस व दिवंगत वादकांच्या विधवा-मुलांस निर्वाहवेतन देणे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. या संघाचा पहिला मोठा जलसा ४ जानेवारी १८९६ रोजी रुडॉल्फिनम या सभागृहात झाला, आणि त्याचे संचालन अंतोनिन ड्वोरझाक याने केले. हा खाटकाचा व खाणावळवाल्याचा मुलगा. गावच्या शिक्षकापाशी व्हायोलिन शिकून पुढे आलेला. तरुणपणी स्मेटानाच्या हाताखाली नाट्यगृहात वाजविलेला. अमेरिकेत राहून तेथे रचलेली 'नव्या जगा'ची सिंफनी त्याने त्या दिवशी सादर केली. चेक फिलहार्मोनिकचा जन्म त्याच दिवशी झाला असे मानतात. राष्ट्राभिमानाइतकीच म्हातारपणीच्या भाकरीची काळजी या जन्मामागे होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

१९०१ मध्ये नाट्यगृहाचा संगीतप्रमुख आणि वादक यांच्यात तंटा पेटला. वादकांनी संप केला, त्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांनी स्वतःच्या पायांवर उभा राहणारा वाद्यवृंद काढला. स्वातंत्र्य मिळाले, पण पगाराची शाश्वती गेली. पुढील अनेक वर्षे पैशाची चणचण हाच या संस्थेचा नित्याचा पाहुणा होता. तरीही १९०८ मध्ये गुस्ताव माहलर याने आपली सातवी सिंफनी जगापुढे प्रथम मांडली ती याच वादकांकडून, प्रागमध्ये.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे स्वातंत्र्य जाहीर झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, वात्स्लाव तालिख या पस्तीस वर्षांच्या संचालकाने फिलहार्मोनिककडून योसेफ सुक याची एक नवी रचना प्रथमच वाजवून घेतली. १९१९ पासून १९४१ पर्यंत तालिख या वाद्यवृंदाचा प्रमुख होता. स्वतः व्हायोलिनवादक असल्यामुळे वादकांचे हात त्याला कळत. संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येक वाद्यगटाची तो वेगळी तालीम घेई. व्हायोलिनवाले एका खोलीत, शिंगवाले दुसऱ्या खोलीत. या कष्टाळू पद्धतीने त्याने प्रांतीय दर्जाच्या मंडळीस युरोपातील पहिल्या पंक्तीत नेऊन बसविले. गंमत अशी की, नव्या राष्ट्राच्या संसदेस जागा हवी म्हणून रुडॉल्फिनम संसदेकडे गेले, आणि राष्ट्राच्या वाद्यवृंदास नगरभवनातील स्मेटाना सभागृहात वाजवावे लागले.

परंतु राजधानीतील सभागृहात हजार-बाराशे माणसे ऐकतात, तर देशात लाखो माणसे राहतात. वाद्यवृंद साऱ्या देशाचा व्हावयाचा कसा? याचे उत्तर दोन यंत्रांनी दिले. १८ मे १९२३ रोजी प्रागजवळच्या क्बेली येथील एका तंबूतून चेकोस्लोव्हाक नभोवाणी सुरू झाली, आणि थोड्याच वर्षांत फिलहार्मोनिकचे जलसे तिच्यावरून सर्वत्र ऐकू जाऊ लागले. १९२९ मध्ये तालिखने 'माझा देश' ही संपूर्ण रचना ध्वनिमुद्रित केली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटे मावत. सव्वा तासाच्या या रचनेस सुमारे वीस बाजू लागल्या. श्रोत्यास पुनःपुन्हा उठून तबकडी उलटावी लागे, पण डोंगरातील शिक्षकाच्या घरीही व्ल्टावा वाहू लागली.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. सभा, मिरवणुका, वृत्तपत्रे यांवर बंधने आली. ५ जून रोजी राष्ट्रीय नाट्यगृहात तालिखने 'माझा देश' लावला. शेवटच्या खंडात ब्लानिकचे वीर पर्वतातून बाहेर पडले, टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेना, आणि मग प्रेक्षागृहातून राष्ट्रगीताचे सूर उमटले. कोणी आज्ञा केलेली नव्हती. लोक आपण होऊन गाऊ लागले होते. हा जलसा नभोवाणीवरून प्रक्षेपित होत होता, आणि नॉर्वेच्या नभोवाणीवर त्याचे ध्वनिमुद्रण जपले गेल्यामुळे ते आजही ऐकावयास मिळते. शस्त्र नसलेल्या राष्ट्राने परकी सत्तेच्या डोळ्यांदेखत भरविलेली ती सभाच होती. वाद्यवृंदाने एकही शब्द न उच्चारता तिचे अध्यक्षपद भूषविले.

हाच तालिख आणि हाच वाद्यवृंद १९४१ च्या फेब्रुवारीत बर्लिन व ड्रेस्डेन येथे जाऊन वाजवून आले. बोलावणे जर्मनीच्या प्रचारखात्याचे होते, आणि ते नाकारणे म्हणजे वादकांचे जीवित आणि संस्थेचे अस्तित्व पणास लावणे होते. त्यांनी तेथे 'माझा देश' वाजविला. शत्रूच्या राजधानीत आपल्या देशाचे नाव गाजविले असे कोणी म्हणेल. शत्रूच्या औदार्याची जाहिरात होऊ दिली असेही कोणी म्हणेल. युद्ध संपल्यावर तालिखवर शत्रूशी सहकार्य केल्याचा आरोप ठेवून त्याला काही आठवडे तुरुंगात टाकण्यात आले. आरोप शाबीत झाला नाही. तरी १९४८ नंतर नव्या साम्यवादी राजवटीनेही त्याला प्रागच्या रंगमंचापासून दूर ठेवले. ब्राटिस्लाव्हा येथे जाऊन त्याने १९४९ मध्ये नव्याने निघालेल्या स्लोव्हाक फिलहार्मोनिकची घडी बसविण्यास हातभार लावला. १९५४ मध्ये त्याला आपल्या जुन्या वादकांबरोबर 'माझा देश' पुन्हा ध्वनिमुद्रित करता आला. १९६१ मध्ये तो वारला. परचक्रात संस्था जगविणारा माणूस आणि परचक्राशी हातमिळवणी करणारा माणूस यांतील रेषा दुरून ठळक दिसते. जवळ गेल्यावर ती किती पुसट असते, हे तालिखच्या आयुष्यावरून कळते.

१९४२ मध्ये अठ्ठावीस वर्षांचा राफाएल कुबेलिक प्रमुख झाला. सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक यान कुबेलिक याचा तो पुत्र. ऑक्टोबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्या वटहुकुमाने चेक फिलहार्मोनिक ही सरकारी संस्था झाली. पन्नास वर्षांची पगाराची विवंचना मिटली. १९४६ मध्ये वाद्यवृंदाच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने 'प्राग वसंतोत्सव' सुरू झाला. आणि १९५२ पासून हा उत्सव स्मेटानाच्या पुण्यतिथीस, १२ मे रोजी, 'माझा देश' वाजवून आरंभावयाचा असा परिपाठ पडला. पण सरकारी आश्रयाची दुसरी बाजू लवकरच पुढे आली. १९४८ च्या फेब्रुवारीत साम्यवादी पक्षाने सत्ता बळकाविली. एका जुलमी सत्तेखाली राहून झाल्यावर दुसरीखाली राहण्याची कुबेलिकची तयारी नव्हती. त्याच उन्हाळ्यात तो कुटुंबासह इंग्लंडला निघून गेला, आणि राजवट बदलेपर्यंत मायदेशी परतावयाचे नाही असा त्याने निश्चय केला.

१९५० पासून ती जागा कारेल आन्चेर्ल याच्याकडे आली. तो ज्यू होता. १९४२ मध्ये त्याला तेरेझिनच्या बंदिवासात नेण्यात आले. तेथेही त्याने कैद्यांचा एक तंतुवाद्यवृंद उभा केला होता. पुढे आउश्वित्झला त्याची पत्नी आणि लहान मुलगा मारले गेले. तो एकटा परतला. ज्याचे सर्वस्व गेले होते त्याने अठरा वर्षे या वाद्यवृंदास कीर्तीच्या शिखरावर ठेवले, आणि १९५९ मध्ये त्यास जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत फिरवून आणले. जगाशी संबंध तुटलेल्या देशाचे नाव त्या काळी जगात घेतले जाई ते बहुधा या वादकांमुळे. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएट रणगाडे प्रागमध्ये शिरले, तेव्हा आन्चेर्ल अमेरिकेत होता. तो मायदेशी कायमचा परतला नाही. १९७३ मध्ये कॅनडात त्याचे देहावसान झाले. वीस वर्षांच्या अंतराने राष्ट्राने आपले दोन संचालक असे गमाविले.

त्यानंतर वात्स्लाव नॉयमान प्रमुख झाला आणि दोन दशके संस्था शांतपणे चालली. सरकार पगार देत होते, वादक वाजवीत होते. अशा वेळी माणसे हळूहळू मुकी होतात. परंतु १९८९ मध्ये लोकशाही हक्कांच्या मागणीपत्रावर सह्या करणाऱ्या कलावंतांवर बंदी आली, तेव्हा नॉयमान आणि त्याचे वादक यांनी सरकारी दूरचित्रवाणीशी सहकार्य करण्याचे नाकारले. १७ नोव्हेंबर रोजी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या. नाट्यगृहे संपावर गेली आणि फिलहार्मोनिकही त्यांस मिळाली. १४ डिसेंबर रोजी स्मेटाना सभागृहात लोकपक्षाच्या सन्मानार्थ नॉयमानने बीथोव्हेनची नववी सिंफनी वाजविली. पंधरा दिवसांनी, २९ डिसेंबरला, काल तुरुंगात असलेला नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. सरकारचे अन्न खाणाऱ्या वादकांनी ऐन वेळी अन्नदात्याची मर्जी दूर सारली. १९०१ च्या संपकऱ्यांचे रक्त त्यांच्या अंगी उरले होते, असेच म्हणावे लागते.

१२ मे १९९० रोजी वसंतोत्सवाच्या पहिल्या दिवशी स्मेटाना सभागृहाच्या व्यासपीठावर राफाएल कुबेलिक चढला. बेचाळीस वर्षांपूर्वी चौतिशीत गेलेला तो पंचाहत्तरीचा वृद्ध होऊन परतला होता. प्रकृतीमुळे त्याने काही वर्षांपूर्वीच संचालन सोडले होते. या एका प्रसंगासाठी त्याने छडी पुन्हा हाती घेतली. त्याच्यासमोर बसलेल्या वादकांपैकी अनेकांचा जन्म तो गेल्यानंतरचा होता. तरीही विशेह्राडच्या वीणेचे पहिले स्वर उमटले, तेव्हा मध्यंतरीचा काळ गळून पडल्यासारखे ऐकणाऱ्यांस वाटले. १९९६ मध्ये कुबेलिक निवर्तला आणि विशेह्राडच्या स्मशानभूमीत त्याला वडिलांजवळ ठेवण्यात आले. स्मेटाना आणि ड्वोरझाक हेही त्याच भूमीत विसावले आहेत.

१ जानेवारी १९९३ पासून चेक आणि स्लोव्हाक ही दोन राज्ये वेगळी झाली. वाद्यवृंद ज्या देशाची सेवा करीत होता त्याच्या सीमा शंभर वर्षांत अनेकदा बदलल्या. साम्राज्य गेले, प्रजासत्ताक आले. परचक्र आले आणि ओसरले. एकपक्षी राजवट आली आणि कोसळली. प्रत्येक सत्तेने या वादकांकडून आपल्यासाठी वाजवून घेतले. वादकांनीही कधी वाजविले, कधी नाकारले, कधी निमूटपणे सहन केले. त्यांचे सर्वच वर्तन वीरोचित होते असे नाही. परंतु लोकांनी त्यांना आपले मानले, कारण लोकांना जे बोलता येत नव्हते ते या वादकांच्या तारांतून आणि शिंगांतून वेळोवेळी ऐकू आले.

स्मेटानाच्या जन्मास २०२४ मध्ये दोनशे वर्षे झाली. त्या वर्षी १२ मे रोजी वसंतोत्सवाच्या आरंभी 'माझा देश' वाजविण्याचा मान एका परदेशी वाद्यवृंदास देण्यात आला. तो होता बर्लिन फिलहार्मोनिक. १९४१ मध्ये चेक वादक हुकुमावरून बर्लिनला जाऊन ज्या नदीचे आणि ज्या पर्वताचे गीत वाजवून आले होते, तेच गीत त्र्याऐंशी वर्षांनी बर्लिनचे वादक निमंत्रणावरून प्रागला येऊन वाजवून गेले.